मसाई पठारावर ट्रायपॉडची निवड

कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या दुकानात मी कॅमेरे, लेन्स आणि ट्रायपॉड विकतो, आणि भाड्यानेही देतो. ट्रायपॉड घेण्यासाठी येणारे बहुतेक लोक दोन प्रश्न घेऊन येतात: किती किलो वजन पेलतो आणि घडी किती लहान होते. सप्टेंबरमध्ये आलेल्या एका निवृत्त शिक्षिकांचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले होते, आणि आता सह्याद्रीची पठारे, धबधबे आणि कोल्हापूरच्या परिसरातील पाणी यांचे फोटो काढण्यात त्या मनापासून रमल्या होत्या. दोन दुकानांनी त्यांना नवीन लेन्स घेण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी लॅपटॉप उघडून रंकाळ्याच्या काठावरून संध्याकाळी काढलेले शालिनी पॅलेसचे फोटो माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "लेन्स खराब आहे की स्टँड, एवढंच मला नक्की सांगा."

फोटो मोठे करून पाहिले तेव्हा लेन्सवरचा संशय लगेच दूर झाला. लेन्सचा दोष असता तर दिवे सगळीकडे पसरट किंवा कडांकडे ओढल्यासारखे दिसले असते. येथे प्रत्येक दिव्याच्या जागी एक लहान, सरळ, उभी रेघ होती. सगळ्या रेघा एकाच दिशेने आणि जवळपास एकाच लांबीच्या होत्या, आणि प्रत्येक रेघेचे एक टोक दुसऱ्यापेक्षा अधिक उजळ होते. रात्रीच्या फोटोतला दिवा म्हणजे कॅमेरा कसा हलला याची नोंदच असते. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरला तर दिव्याचा वेडावाकडा ठिपका होतो, कधी दुहेरी ठिपका दिसतो. सरळ रेघ उमटते ती कॅमेरा एका बाजूला संथपणे सरकल्यामुळे, आणि सरकणे संपल्यावर तो जिथे स्थिर राहिला तिथे प्रकाश अधिक वेळ पडल्यामुळे ते टोक उजळते. एक्सपोजर, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, आठ सेकंदांचे होते. त्या आठ सेकंदांत कॅमेरा नाक खाली घालत होता, एवढे निश्चित होते. शिवाय उभ्या फ्रेमचे फोटो आडव्या फ्रेमपेक्षा अधिक बिघडलेले होते, हा दुसरा धागा होता.

त्यांचा ट्रायपॉड प्रवासासाठी बनवलेला, एकात एक सरकणाऱ्या पाच भागांच्या पायांचा, पिळून बंद होणाऱ्या लॉकचा होता. खोक्यावर बारा किलोची क्षमता छापलेली होती आणि त्यांचा कॅमेरा लेन्ससह दीड किलोही भरत नव्हता. या छापील आकड्याविषयी मी ग्राहकांना नेहमी सावध करतो. तो मोजण्याची सगळ्या कंपन्यांना बांधणारी एकच पद्धत नाही, आणि ट्रायपॉड मोडत नाही याचा अर्थ तो हलत नाही असा होत नाही. फोटोसाठी महत्त्वाचा आहे तो ताठपणा, आणि ताठपणा नळीच्या व्यासावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. भिंतीची जाडी आणि धातू तेच असतील तर पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध साधारण व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे 12 मिलिमीटरच्या नळीपेक्षा 22 मिलिमीटरची नळी सुमारे सहापट ताठ असते. पाच भागांच्या लहान ट्रायपॉडची सर्वांत खालची नळी पहिल्या मापाच्या आसपास असते आणि तीन भागांच्या मध्यम ट्रायपॉडची दुसऱ्या मापाच्या. म्हणूनच पाय पूर्ण उघडायचे नसतील तेव्हा वरच्या जाड नळ्या आधी उघडाव्यात आणि खालच्या बारीक नळ्या आतच ठेवाव्यात.

तरीही केवळ बारीक पायांमुळे सरळ रेघ उमटत नाही. बारीक पायांमुळे थरथर होते. मला तो ट्रायपॉड बाईंनी स्वतःच्या हातांनी उभा केलेला पाहायचा होता. दुकानात फरशी सपाट असते, वारा नसतो, आणि स्टँड उघडून दाखवणारे हात दुकानदाराचे असतात. म्हणून त्या रविवारी पहाटे त्यांचा ट्रायपॉड, भाड्याच्या साठ्यातले आणखी दोन आणि तीन प्रकारची हेड (पायांवर बसणारा, कॅमेरा धरणारा आणि वळवणारा भाग) गाडीत घालून आम्ही वाघबीळमार्गे पन्हाळा गाठला आणि तेथून पुढे मसाई पठारावर गेलो.

पठारावर धुके होते आणि पश्चिमेकडून वारा चांगलाच लागत होता. तेथील जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो. पावसाळ्याच्या शेवटी तो पाण्याने फुगलेला असतो आणि त्याच ओलसर थरात सीतेची आसवे आणि गेंद फुललेले असतात. बाईंनी आल्याबरोबर ट्रायपॉडच्या पायांसाठी जागा नेमून दिली: उघडा खडक, फुलांचा गालिचा नव्हे. फुलांचे रक्षण हे त्यामागचे त्यांचे पहिले कारण होते, आणि ट्रायपॉडच्या दृष्टीनेही ते अचूक होते, कारण भिजलेल्या मातीत रोवलेला पाय फोटो निघेपर्यंत खचत राहतो. खडबडीत जांभ्यावर रबरी पाय चांगले धरतात. टोकदार खिळ्यांचे पाय गवताळ उतारावर उपयोगी पडतात, उघड्या कातळावर त्यांचा फारसा लाभ नाही.

मी बाजूला उभा राहून त्यांची मांडणी पाहिली. पाच भागांच्या पायाला चार लॉक, म्हणजे तीन पायांना बारा. पहिली चार-पाच लॉक त्यांनी नीट पिळली, पुढच्या लॉकांवर त्यांचे हात मंदावले आणि शेवटची तर नुसती फिरवल्यासारखी झाली. त्यांच्या बोटांच्या सांध्यांना सूज होती. त्यांनी ते दुकानात सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नसते, कारण ट्रायपॉडच्या माहितीपत्रकात हाताच्या बळाचा रकाना कुठे असतो?

प्रत्येक पायाच्या सर्वांत खालच्या लॉकला लागून नळीवर मी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला, पट्टीची कड बरोबर लॉकच्या कडेशी जुळवून. कॅमेरा चढवला, लेन्सच्या बाजूचा पाय पुढे ठेवला आणि आम्ही थांबलो. काही मिनिटांत पुढच्या पायाची पट्टी सुरकुतून लॉकखाली दबली होती. पाय दिसेल न दिसेल इतकाच आत गेला होता, पण तेवढे पुरेसे असते. पुढचा पाय मागच्या दोन पायांच्या रेषेपासून पाऊण मीटरवर असेल आणि तो अर्धा मिलिमीटर खचला, तर 70 मिलिमीटरच्या लेन्समध्ये आणि 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर चित्र सात-आठ पिक्सेल सरकते. रंकाळ्याच्या दिव्यांच्या रेघांचा एक भाग असा उलगडला.

दुसरा भाग हेडमध्ये होता. पायांची लॉक मी स्वतः घट्ट केली आणि बाईंना फ्रेम लावायला सांगितले. बॉल हेडमध्ये एकच मूठ सैल केली की कॅमेरा तिन्ही दिशांनी मोकळा होतो. वेगाने काम करणाऱ्याला ते सोयीचे असते, परंतु क्षितिज सरळ ठेवून चौकट इंचभर वर न्यायची असेल तर प्रत्येक वेळी सगळेच पुन्हा जुळवावे लागते. त्यातही मूठ पूर्ण आवळली गेली नाही तर लेन्सच्या वजनाने गोळा हळूहळू घसरतो. पायांच्या जोडावर बसवलेला लहान पाणसळीचा बुडबुडा स्थिर होता आणि कॅमेऱ्यावर खोचलेल्या पाणसळीतला सरकत होता, म्हणजे घसरण जोडाच्या वर होती यात शंका उरली नाही. उभ्या फ्रेमसाठी कॅमेरा हेडच्या खाचेत आडवा पाडल्यावर तिसरी गोष्ट दिसली: कॅमेऱ्याच्या तळाला लावलेली प्लेट एकाच स्क्रूवर धरलेली असल्याने पुढचे वजन कॅमेऱ्याला त्या स्क्रूभोवती फिरवत होते. उभ्या फोटोंतल्या रेघा अधिक लांब होत्या त्या यामुळे.

बाईंनी सर्व शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे स्टँड वाईट नाही, माझ्या हातांसाठी नाही. मग माझ्या हातांना जमेल असं काय आहे, ते सांगा."

यानंतरचा वेळ आम्ही फक्त त्या एका प्रश्नावर खर्च केला. लांब झूम लेन्स 200 मिलिमीटरवर ठेवली, मागच्या पडद्यावर चित्र दहापट मोठे केले, मसाई देवीच्या देवळाची कड चौकटीत धरली आणि लेन्सला बोटाने हलकी टिचकी मारून कड स्थिरावायला किती वेळ लागतो ते पाहिले. ट्रायपॉड पारखण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही. कोणीही ती करू शकतो आणि तिच्यासाठी पैसे लागत नाहीत. बाईंच्या स्टँडचा मधला दांडा पूर्ण वर असताना कड बराच वेळ नाचत राहिली, वाऱ्यात तर थांबेचना. दांडा खाली घेताच फरक पडला. दांड्याच्या खालच्या टोकाच्या आकड्याला बॅग टांगली तेव्हा ती वाऱ्याने झुलून उलट त्रास देऊ लागली. ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडली तेव्हाच उपयोग झाला. भाड्याच्या साठ्यातला जड अॅल्युमिनियमचा तीन भागांचा ट्रायपॉड सर्वांत निश्चल ठरला, पण तो उचलून दहा पावले चालताच बाईंनी खाली ठेवला. तीन भागांचाच, खटक्याच्या लॉकचा कार्बन फायबरचा ट्रायपॉड त्याच्या अगदी जवळ पोचला. टिचकीनंतरचे कंपन कार्बनमध्ये लवकर विरते, हे त्या वाऱ्यात पडद्यावर स्पष्ट दिसत होते.

लॉक बारांवरून सहांवर आली आणि खटका अंगठ्याने किंवा तळहाताच्या दाबाने बसत असल्याने बोटांवर जोर येत नव्हता. खटका पूर्ण बसला की नाही हे डोळ्यांना दिसते, ही गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. पिळायच्या लॉकमध्ये ते केवळ हाताला कळते. उंचीचा हिशेबही तेथेच केला. बाईंची उंची पाच फूट, म्हणजे डोळे जमिनीपासून साधारण 140 सेंटिमीटरवर. त्यातून हेडचे 12 आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे 9 सेंटिमीटर वजा केले की पाय 119 सेंटिमीटर पुरतात; उतारासाठी पंधरा-वीस सेंटिमीटर अधिक धरावेत. सहा फुटी माणसासाठी बनवलेल्या उंच ट्रायपॉडचे वजन त्यांनी उगाच का वाहावे? तीन भागांच्या या ट्रायपॉडची घडी मात्र साठ सेंटिमीटरच्या वर जाते, आणि एसटीने फिरणाऱ्या माणसाला ती अडचण होईल अशी मला शंका होती. बाईंनी ती निकालात काढली: एसटीतल्या वरच्या फळीवर छत्रीही लांबच जाते.

हेड निवडताना मला अधिक आग्रह धरावा लागला. तीन मुठींचे हेड एकेक दिशा वेगळी सोडते, म्हणून निसर्गचित्रणासाठी ते मला बॉल हेडपेक्षा बरे वाटते; पण त्यातही प्रत्येक मूठ आवळावीच लागते. गिअरच्या हेडमध्ये चकती दोन बोटांनी फिरवली की कॅमेरा केसभर सरकतो आणि चकती सोडली की तिथेच थांबतो, वेगळे आवळणे नाही. पाऊण किलोच्या आसपास वजन आणि बॉल हेडपेक्षा जास्त किंमत हे त्याचे दोष आहेत, आणि पक्षी टिपणाऱ्याला मी ते कधीच सुचवणार नाही. बाईंनी देवळाच्या पायथ्याची रेषा चौकटीच्या कडेला समांतर केली, हात काढला, आणि पाणसळीतला बुडबुडा जागचा हलला नाही. त्यांनी तीच कृती पुन्हा केली, मग लेन्स बदलून केली, आणि वजनाचा विषय स्वतःच मिटवला. पायांवरच सगळी रक्कम खर्च करून हेडसाठी उरेल ते द्यायचे, ही आपल्याकडची रीत मला मान्य नाही; एकूण रकमेचा निदान तिसरा भाग हेडसाठी राखून ठेवावा असे माझे मत आहे.

उभ्या फ्रेमसाठी एल आकाराची प्लेट घेतली. तिच्यामुळे कॅमेरा बाजूला लटकत नाही, वजन ट्रायपॉडच्या मध्यावरच राहते, आणि प्लेटची उभी भुजा कॅमेऱ्याच्या अंगाला भिडलेली असल्याने तो स्क्रूभोवती फिरतही नाही. राऊतवाडीच्या धबधब्याचे उभे फोटो त्यांना पुन्हा काढायचे होते, तेव्हा ही प्लेट त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती. पाय आणि हेड मिळून अडीच किलो झाले, जुन्या ट्रायपॉडपेक्षा जवळजवळ एक किलो अधिक. त्यांनी तो किलो जाणूनबुजून स्वीकारला आणि बॅगेतली एक लेन्स घरी ठेवायचे ठरवले. जुना ट्रायपॉड मी परत घेतला नाही. मधला दांडा खाली ठेवून आणि वरचे दोनच भाग उघडून तो फुलांच्या उंचीवर चांगले काम देतो, आणि तेव्हा बारांपैकी तीनच लॉक पिळावी लागतात.

सामान देताना दोन गोष्टी मी त्यांच्याकडून करवून घेतल्या. लेन्समधली कंपन रोखणारी यंत्रणा ट्रायपॉडवर बंद करण्याची सवय, कारण काही लेन्समध्ये ती स्थिर कॅमेऱ्यालाही हलवत राहते. आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का शटर उघडण्यापूर्वी विरतो. खटक्याची लॉक वापरून सैल होतात, तेव्हा त्यांचा बोल्ट थोडा आवळावा लागतो. त्यासाठीची षटकोनी किल्ली मी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि प्रत्येक बोल्ट त्यांच्याच हाताने एकदा फिरवून घेतला.