पराभवाचा रकाना

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर टीव्हीवर बेसबॉलचा सामना लावायचा, आवाज बारीक ठेवायचा आणि तिसऱ्या-चौथ्या इनिंगच्या सुमारास निवांत डोळा लागू द्यायचा, हा माझा न्यू जर्सीतला उन्हाळी नेम आहे. या रविवारी सातव्या इनिंगला जाग आली तेव्हा पाहुण्या संघाचा मॅनेजर पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, बदलायला संथ पावले टाकत माउंडकडे, त्याच्या उंचवट्याकडे, निघाला होता. पिचरने तोवर अवघी एक धाव दिली होती. त्याने चेंडू मॅनेजरच्या हातावर ठेवला, डगआउटमध्ये बाकाच्या अगदी टोकाला जाऊन बसला आणि ग्लोव्हची वादी उगाचच सोडून पुन्हा बांधू लागला. त्याच्या संघाला धाव काही काढता आली नाही. सामना एक-शून्य असा संपला आणि पराभूत पिचर म्हणून पडद्यावर त्याचे नाव झळकले.

“बाबा, पिचरचे विजय-पराभव आता कोणी बघत नाही,” लेक म्हणाली. ती इथेच जन्मली आणि वाढली, त्यामुळे या खेळाचे गणित तिला माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक कळते. तिचे म्हणणे खरेही आहे. 2018 साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे झालेल्या सोडून दर नऊ इनिंगमागे सरासरी अवघ्या 1.70 धावा दिल्या, तरी वर्षअखेर त्याच्या नावावर 10 विजय आणि 9 पराभव लागले. परीक्षकांनी ते आकडे बाजूला सारले आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच दिला. तेव्हापासून विजयाच्या रकान्याला लेकीच्या पिढीत फारसे कोणी विचारत नाही. मी मात्र कोणत्याही पिचरचे नाव निघाले, की आधी त्याचा पराभवाचा रकाना वाचतो. खोड म्हणा हवे तर.

या खोडीचे मूळ शिवाजी पार्कात आहे. मामांचा एक लहानसा क्रिकेट क्लब होता आणि माझा खेळ यथातथाच असल्यामुळे माझी नेमणूक कायमची गुणलेखकाच्या खुर्चीवर झालेली असे. वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून वहीच्या एका कोपऱ्यावर पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्यावर मामांची चप्पल ठेवलेली असायची. क्लबात एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता, ज्याच्या गोलंदाजीवर स्लिपमध्ये हटकून झेल सुटत. षटक संपले की तो माझ्या टेबलाशी येई, वहीत डोकावून आपल्या नावासमोरच्या धावा पाही आणि काही न बोलता सीमारेषेकडे निघून जाई. सुटलेल्या झेलासाठी त्या वहीत रकाना नव्हता. मला त्याची दया येई आणि मी पेन्सिलीने समासात एक बारीक टिंब देऊन ठेवी. संध्याकाळी मामा वही तपासत आणि खोडरबराने सगळी टिंबे पुसून टाकत. “अरे, झेल सुटला म्हणजे चेंडू वाया गेला. त्याचं काय लिहायचं?” मामांशी वाद घालण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती. पद्माकर शिवलकरांचे प्रथम श्रेणीतले 589 बळी आणि एकही कसोटी सामना नाही, हा हिशेब ज्या मैदानावर रोज संध्याकाळी नव्याने मांडला जाई, तिथेही वहीचा नियम हाच होता.

तरी क्रिकेटमध्ये हरतो तो संघ. बेसबॉलने मात्र प्रत्येक सामन्याचा पराभव एकाच पिचरच्या नावावर चढवायची रीत घातली आहे, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या मंडळींनी चेंडू हातातून सोडले असोत की त्याच्या फलंदाजांनी दिवसभर हवेत बॅट फिरवली असो. या रकान्यात एकदा डोके घातले, की थोरामोठ्यांची निराळीच ओळख होते. ज्याच्या नावाने तो पुरस्कार 1956 पासून दिला जातो, त्या साय यंगचे 511 विजय इथल्या पोरासोरांना पाठ असतात; सर्वाधिक पराभवही त्याचेच, 315, हे सांगितले की समोरचा माणूस क्षणभर अविश्वासाने पाहतो. वॉशिंग्टनच्या वॉल्टर जॉन्सनने 110 सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव काढू दिली नाही आणि तोच जॉन्सन एक-शून्य अशा फरकाने 26 सामने हरला. बॉब गिब्सनची 1968 ची सरासरी 1.12 होती, पिचर फारच शिरजोर झाले म्हणून पुढच्या वर्षी माउंडची उंची पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावी लागली, पण त्याच हंगामात गिब्सन नऊ सामने हरलाही. नोलन रायनने 1987 साली नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी सरासरी राखली आणि सर्वाधिक फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले. हिशेब निघाला 8 विजय, 16 पराभव. पेड्रो मार्टिनेझविषयी मी मुद्दामच लिहीत नाही, कारण एकदा सुरू झालो तर जागेचे भान राहणार नाही.

सर्वांत थोर पिचर कोण, या वादात माझे मत सँडी कूफॅक्सला आहे. डाव्या कोपराच्या संधिवातामुळे 1966 च्या हंगामानंतर, 27 सामने जिंकलेल्या वर्षाच्या अखेरीस, तिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. एकूण विजय 165, म्हणजे यंगच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. तरी हॉल ऑफ फेमने, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान दालनाने, त्याला पहिल्याच वर्षी आत घेतले, ते योग्यच झाले; पण तेच मोजमाप योहान सँटानाला लावताना मतदारांचा हात का आखडला, हे मला आजतागायत उमगलेले नाही. दोन साय यंग पुरस्कार आणि 139 विजय असलेला हा पिचर 2018 साली पहिल्याच फेरीत यादीतून गळाला. रॉजर क्लेमेन्सचे प्रकरण वेगळे. 354 विजय आणि सात साय यंग असूनही उत्तेजक द्रव्यांच्या संशयामुळे तो बाहेर राहिला, आणि त्याच्यासाठी हळहळण्याइतका मी उदार नाही.

कूफॅक्सचे नाव घेतले, की मला आठवतो तो बॉब हेंडली. 9 सप्टेंबर 1965 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये कूफॅक्सने शिकागो कब्जचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज ओळीने बाद केले, शेवटचे सहा तर स्ट्राइकआउट. त्या परफेक्ट गेमचे गोडवे इथे वंशपरंपरेने गायले जातात. समोर पिचिंग करीत होता तो हेंडली, आणि त्याने त्या रात्री उभ्या सामन्यात फक्त एक फटका दिला, म्हणजे फलंदाज बेसवर पोचेल असा टोला एकदाच मारू दिला. पाचव्या इनिंगमध्ये लू जॉन्सन वॉक मिळून, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फुकटात, पहिल्या बेसवर गेला, पुढच्याने बंट, म्हणजे हलकासा टोला, मारून त्याला दुसऱ्यावर सरकवले, मग त्याने तिसरा बेस चोरला आणि कॅचरची फेक क्षेत्ररक्षकाच्या हाती न लागता लेफ्ट फील्डमध्ये गेल्यामुळे तो आरामात घरी, म्हणजे होम बेसवर, आला. ही धाव फटक्याविनाच झाली. एकुलता एक फटका आला तो सातव्या इनिंगमध्ये, आणि त्यावर धाव झालीच नाही. एक-शून्य. विजय कूफॅक्स, पराभव हेंडली. पाचच दिवसांनी शिकागोत हे दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि हेंडलीने तो सामना 2-1 असा जिंकला, पण त्या सामन्याची आठवण कोण काढतो? कारकिर्दीअखेर त्याचे 48 विजय आणि 52 पराभव झाले. त्या 52 मधला एक मी मनातल्या मनात कधीच वजा केलेला आहे.

हार्वी हॅडिक्सचे दुःख याहून मोठे. 1959 च्या मे महिन्यात त्याने मिलवॉकीविरुद्ध बारा इनिंग, म्हणजे छत्तीस फलंदाज, ओळीने बाद केले आणि तेराव्या इनिंगमध्ये तो सामना गमावला. समोरच्या ल्यू बर्डेटने बारा फटके दिले होते, जिंकला तो. पुढे 1991 साली नो-हिटरची, म्हणजे एकही फटका न दिलेल्या सामन्याची, व्याख्या बदलली तेव्हा हॅडिक्सचे नाव त्या अधिकृत यादीतूनही वगळले गेले.

हे सगळे मी लेकीला ऐकवले तेव्हा तिने फोनवर काहीतरी शोधून माझ्यापुढे धरले. कृष्णवर्णीय पिचर साचेल पेज, 28 विजय, 31 पराभव. जुन्या पुस्तकांत मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, खात्यावर त्याचे इतकेच आकडे असत. वर्णभेदामुळे त्याला तिथे प्रवेश मिळाला तो 1948 साली, बेचाळिसाव्या वर्षी. हेंडली हरला त्याच महिन्यात, 25 सप्टेंबर 1965 रोजी, कॅन्सस सिटीच्या मालकाने गर्दी खेचण्यासाठी एकोणसाठ वर्षांच्या पेजला माउंडवर उभे केले आणि बुलपेनमध्ये, राखीव पिचर बसतात तिथे, त्याच्यासाठी झुलती खुर्ची ठेवली. त्या माणसाने तीन इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही, फटकाही एकच दिला, तोही यास्त्रेम्स्कीसारख्या नामांकित फलंदाजाला. तो उतरला तेव्हा संघ पुढे होता. नंतरच्यांनी आघाडी घालवून सामना हरवला, पण तो पराभव पेजच्या नावावर लागला नाही. 1971 साली त्याची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली तेव्हाही कृष्णवर्णीय खेळाडूंची दालनात वेगळी सोय करण्याचा बेत होता, जो टीका झाल्यावर सोडून द्यावा लागला. 2020 मध्ये कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत विक्रमांत मिळवले गेले, पण जे वर्तमानपत्रांनी छापलेच नव्हते आणि कोणा गुणलेखकाच्या वहीत टिकलेच नव्हते, ते आता कुठून आणणार? पेज ऐन उमेदीत गावोगाव फिरून जे असंख्य सामने खेळला, त्यांतले त्याचे पराभवसुद्धा कोणी धड लिहून ठेवले नाहीत.