क्रोएशियाचं सरप्राइज: देश सांगा, गावं लपवा

आज दुब्रोवनिकच्या तटबंदीवर पुन्हा पटलं, जोडीदाराला सहलीचं सरप्राइज द्यावं तर असं! तटबंदीची फेरी 1,940 मीटर, सावली जवळपास नाही. म्हणून सकाळी दार उघडताच चढा.

भारतीय पासपोर्ट असेल तर गुपित व्हिसापाशीच फुटतं. 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत आहे, अर्जावर जोडीदाराची सही लागतेच. म्हणून देश सांगून टाका, गावं लपवा.

स्प्लिटला तीन रात्री, ह्वार बेटावर दोन, दुब्रोवनिकला दोन. स्प्लिटहून ह्वार गावाची कॅटामरान (वेगवान प्रवासी बोट) तासाभरात पोचते, पण गाडी घेत नाही. गाडीसकट जायचं तर त्याच बेटावरच्या स्तारी ग्राद बंदराची फेरीबोट, दोन तास. गफलत इथेच होते. जोराचा वारा सुटला की कॅटामरान रद्द. परतीच्या विमानाआधीची रात्र बेटावर नको.

किनारे गोट्यांचे, खडकांत अर्चिन, म्हणजे पायात काटे रुतवणारे समुद्री जीव. जोडीदाराच्या मापाचे पाण्यातले बूट गुपचूप बॅगेत टाका.