गच्चीची चावी आणि सोळा दिवस काळा टीव्ही

‘आपली विनंती यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे.’ हा मेसेज मला सोळा दिवसांत तीनदा आला. तिन्ही वेळा आमची टीव्हीची छत्री गॅलरीत जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, सवयीने काळ्या टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले होते.

अक्षय तृतीयेला आम्ही नागपुरात प्रतापनगरचं भाड्याचं घर सोडून बेसा रोडवरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. चार मजली इमारत, आमचा दुसरा मजला. गॅस, वीजमीटर, आरओ, सगळं कसं लागलं ते आता आठवतही नाही. अडलं ते छत्रीवर. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सह्याद्रीच्या बातम्या लागल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मोबाइलवर लावून दिल्या तर म्हणाले, ‘‘एवढ्याशा डबीत माणसं पाहायची का मी?’’

पहिल्या दिवशी डीटीएच कंपनीच्या ॲपवर पत्ता बदलला, पैसे भरले, दुसऱ्या दिवशी छत्री लावणाऱ्या पोराचा फोन आला. त्याने एकच प्रश्न विचारला. ‘‘मॅडम, गॅलरी कोणत्या बाजूला?’’ म्हटलं, पश्चिमेला. ‘‘मग नाही होणार. गच्चीवरच लावावी लागेल. सोसायटीचं परवानगीपत्र घेऊन ठेवा.’’ फोन बंद.

इथे मला माझाच राग आला, कारण मी शाळेत भूगोल शिकवते. सहावीच्या पोरांकडून अक्षांश-रेखांश घोकून घेते. नागपूर २१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व. टीव्हीचे उपग्रह मात्र विषुववृत्तावर, साधारण ३६,००० किलोमीटर उंचीवर. त्या उंचीवर फिरणाऱ्याला एक फेरी मारायला पृथ्वीच्या एका गिरकीएवढाच वेळ लागतो, म्हणून तो आपल्याला एका जागी खिळल्यासारखा दिसतो. तसा नसता तर छत्रीला दिवसभर त्याच्यामागे मान फिरवावी लागली असती. भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहेत, म्हणजे श्रीलंकेच्या पूर्वेपासून बोर्निओच्या अलीकडेपर्यंत, समुद्रावर टांगलेले. सगळेच आपल्या रेखांशाच्या पूर्वेला. त्यामुळे नागपुरातली कुठलीही छत्री दक्षिण ते आग्नेय याच पट्ट्यात पाहणार. झिरो माइल आपल्या गावात असेल, पण आकाशाला त्याचं काही नाही. फ्लॅट घेताना मी स्वयंपाकघराची दिशा पाहिली, देवघराची पाहिली, छत्रीची पाहिली नाही. तुम्ही पाहा.

आता परवानगीपत्र. गच्चीला कुलूप आणि चावी सचिवांकडे. सचिव चौथ्या मजल्यावर राहतात, सिंचन खात्यातून निवृत्त. माझं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, मी नाही कुठं म्हणून राहिलो? फक्त कंपनीचं पत्र आणा. भोकं किती, खोल किती, अन् पाणी गळलं तर जबाबदार कोण, एवढं लिहून द्यावं त्यांनी.’’

मला वाटलं, यात काय अवघड आहे.

कंपनीच्या कॉल सेंटरला फोन केला. अठरा मिनिटं गाणं ऐकलं. मुलीने नम्रपणे सांगितलं, ‘‘आम्ही असं पत्र देत नाही. तुम्ही परवानगी आणा, मग तंत्रज्ञ येईल.’’ म्हटलं, परवानगीसाठीच पत्र हवंय. ‘‘हो मॅडम, परवानगी आली की आम्ही तंत्रज्ञ पाठवू.’’ वर गेले. सचिव म्हणाले, ‘‘पत्राशिवाय कसं देऊ? उद्या समितीने मला विचारलं तर?’’ खाली आले, पुन्हा फोन. या वेळी दुसरा मुलगा. त्याने सांगितलं की पत्र तंत्रज्ञ देतो. तंत्रज्ञाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मी कुठून देऊ ताई? माझ्याकडे लेटरहेड असतं तर मी कशाला गच्च्यांवर चढलो असतो!’’ त्याचं उत्तर सगळ्यांत खरं होतं.

चौथ्या दिवशी तो पहिला मेसेज. विनंती पूर्ण. मी फोन केला तर कळलं, ‘ग्राहकाकडे जागा उपलब्ध नाही’ असा शेरा मारून विनंती बंद केली होती, आणि बंद झालेल्या प्रत्येक विनंतीचा मेसेज एकच असतो. पुन्हा उघडता येत नाही, नवी नोंदवा. नवी नोंदवली. तीही बंद झाली. तिसऱ्या वेळी तर एका पोराने फोनवर ओटीपी मागितला. ‘‘ताई, तुम्ही ओटीपी द्या, म्हणजे काम लवकर पुढं सरकते.’’ दिला मी. शिक्षक असून दिला! ओटीपी म्हणजे काम झाल्याची तुमची सही असते. छत्री लागून, चॅनल दिसून, रिमोट हातात येईपर्यंत तो देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी. दरवेळी तक्रार क्रमांक मात्र लिहून घ्या. तो द्यावाच लागतो त्यांना. आणि कंपनीचा नोडल अधिकारी असतो, त्याचा पत्ता वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात सापडतो. मी त्यांना ईमेल लिहिला. उत्तर आलं, छान छापील, पण त्यातही शेवटी ‘सोसायटीची परवानगी सादर करावी’ हेच.

एवढ्यात पॅकचे पैसे कटतच होते. हे मला दहाव्या दिवशी लक्षात आलं. सेवा तात्पुरती थांबवण्याची सोय असते, ती आधी विचारून घ्यायला हवी होती.

अकराव्या दिवशी दुपारी मी वर गेले आणि सचिवांशी भांडले. पंचेचाळीस डिग्री बाहेर, जिन्यात भट्टी. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ‘गच्ची काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे का’ एवढं आठवतं. ते काही बोलले नाहीत. ‘‘या इकडे,’’ म्हणाले आणि मला त्यांच्या बेडरूममध्ये घेऊन गेले. छताला खाटेएवढा पिवळा डाग, कडेला पोपडे, मधे पंख्याच्या हुकापाशी काळी बुरशी. खाली पलंग सरकवून भिंतीला लावलेला. ‘‘दोन पावसाळे झाले. वॉटरप्रूफिंग करूनही येऊन राहिलं पाणी. चला वर, दाखवतो कुठून येते ते.’’

चावी त्यांच्या खिशातच होती.

गच्चीवर सहा छत्र्या होत्या. दोन चालू. बाकीच्या चार घर सोडून गेलेल्यांच्या. एकीची वायर कापलेली, एकीच्या दांड्याला कपडे वाळवायची दोरी, एकीत कबुतराने काड्या आणलेल्या. प्रत्येक बुडाशी चार-चार बोल्ट, स्लॅबमध्ये ठोकलेले, गंजून लाल झालेले. सचिवांनी एका बोल्टला बोट लावलं, तो हलला. भोकाभोवतीचं सिमेंट भुसभुशीत. माझा आवाज बसला. माणूस हट्टी नव्हता, पोळलेला होता. आणि हे मी अकरा दिवस आधी वर येऊन पाहिलं असतं तर कॉल सेंटरचं ते गाणं मला पाठ झालं नसतं.

त्या चारपैकी दक्षिणेच्या कठड्याजवळचा एक पाइप अजून भक्कम होता. छत्री मोडकी, पण पाइप पक्का. म्हटलं, नवीन भोक पाडायचंच कशाला, यावरच लावते. सचिव म्हणाले, ‘‘पण समोर पाण्याची टाकी आहे नं. तुमची छत्री तर टाकीकडेच पाहून राहील.’’

आता माझी पाळी होती. घरगुती छत्री दिसते त्या दिशेला पाहत नाही. ती मोठ्या वाडग्याचा तिरपा कापलेला तुकडा असते. तबकडी उभट दिसते, पण किरण त्याहून पंचवीसेक अंश वरून येतात आणि परावर्तित होऊन खालच्या दांडीच्या टोकावरच्या एलएनबीत, म्हणजे लहरी टिपणाऱ्या डबीत, पडतात. एलएनबी खाली ठेवलेला असतो, कारण मधे असता तर त्याचीच सावली तबकडीवर पडली असती. नागपुरातून हे उपग्रह क्षितिजापासून ५० ते ६५ अंश वर आहेत, म्हणजे चांगलेच डोक्याकडे. टाकी छत्रीपेक्षा मीटरभर उंच असली तरी मीटरभर लांब असली की पुरतं. मी पदराने घाम पुसत हाताने कोन करून दाखवला. सचिव सिंचनवाले, त्यांना कोन पटकन कळला. वरच्या गॅलरीच्या छज्जाखाली छत्री का चालत नाही, तेही यातच आलं.

त्या संध्याकाळी मी मोबाइलवर मराठीत एक हमीपत्र टाइप केलं. गच्चीत नवीन भोक पाडणार नाही. जुन्या पाइपाच्या बुडाशी गळती झाल्यास दुरुस्ती मी करीन. फ्लॅट सोडताना छत्री, पाइप आणि वायर काढून नेईन. खाली माझी सही, त्याखाली ‘हरकत नाही’ आणि सचिवांची सही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दहा रुपयांत काम झालं. त्याचा फोटो ॲपवर टाकला आणि तंत्रज्ञाची तारीख मिळाली. कोणीही कोणाकडे पत्र मागत असेल तर ते पत्र आपणच लिहून पुढे ठेवायचं, हे मला नोकरीच्या पंचवीस वर्षांत ठाऊक होतं आणि तरी मी सोळा दिवस घालवले.

तारीख मिळाली २६ मे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागलेला. पोरगा सकाळी येतो म्हणाला, आला साडेअकराला, डोक्याला दुपट्टा बांधून. मोडकी छत्री काढली, पाइपाच्या बुडाशी खरवडून सीलंट भरलं. मग पाइप सरळ आहे का ते पाहायला ओळंबा शोधू लागला. पाइप उभा नसेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलते आणि मग दिवसभर शोधत बसावं लागतं. ओळंबा सापडेना. मी म्हटलं, ‘‘भाऊ, दहा मिनिटं थांब.’’ २६ मेच्या सुमारास दुपारी बारा-दहाला नागपुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. शून्य सावली. आम्ही तिघं उन्हात उभे राहून पाइपाकडे पाहत होतो. बारा वाजून नऊ मिनिटांनी सावली बोटभर होती, उत्तरेकडे. ती गेलीच नाही, म्हणजे पाइप कललेला. पोरग्याने खालची पट्टी सैल करून पाइप जरासा ढकलला आणि सावली पाइपाखाली शिरली. ‘‘हे तं आमाले कोणी सांगतलंच नाही, ताई,’’ म्हणाला. दरवर्षी वर्गात सांगते मी. उपयोग पहिल्यांदाच झाला.

पुढचं काम मिनिटांचं, पण नाजूक. हात लांब करून एक बोट डोळ्यांसमोर धरा, त्याच्या रुंदीएवढे, म्हणजे साधारण दोन अंश इकडेतिकडे झालं की सिग्नल गेलाच. पोरगा मीटरकडे पाहत छत्रीला टिचक्या मारल्यासारखा हलवत होता. वर उपग्रहावरचा एकेक प्रक्षेपक शंभर-दीडशे वॅटचा, साधारण आमच्या कूलरएवढाच. तेवढ्यावर साऱ्या देशात चित्र उतरतं. दहा-बारा गिगाहर्ट्झची ती लहर साध्या वायरीतून खाली येऊ शकत नाही, वाटेतच मरते, म्हणून एलएनबी तिला एक-दोन गिगाहर्ट्झवर उतरवून देतो. त्यासाठी लागणारी वीज खालच्या सेट-टॉप बॉक्समधून त्याच वायरीने वर जाते. म्हणून पिन लावता-काढताना बॉक्स बंद करा. आणि हे आधीच सांगायला हवं होतं : जुन्या घरातून छत्री काढण्यापूर्वी तिचा फोटो घ्या आणि एलएनबी किती वाकडा बसवलाय तिथे मार्करने खूण करा. तो तिरपेपणा चुकून नसतो. आम्ही खूण केली नव्हती, पोरग्याची वीस मिनिटं त्यातच गेली.

छत्री लागली, सिग्नलची पट्टी हिरवी झाली, तरी चॅनल दिसेना. ‘सदस्यत्व नाही.’ माझ्या पोटात गोळा. तर सोळा दिवस बंद राहिल्यामुळे बॉक्सला हक्काचा संदेश मिळाला नव्हता, तोही आकाशातूनच येतो. ॲपवरून रिफ्रेश पाठवायचं आणि बॉक्स एका चॅनलवर चालू ठेवून गप्प बसायचं. बंद-चालू करत बसू नका. आठ मिनिटांनी चित्र आलं. ओटीपी तेव्हा दिला.

संध्याकाळी बाबा बातम्यांना बसले. मुंबईत वरळीला वाचलेली बातमी उपग्रहावर जाते, तिथून डीटीएचवाल्याच्या केंद्रात उतरते, इतर वाहिन्यांसोबत बांधून, कुलूप लावून पुन्हा वर जाते आणि मग आमच्या छत्रीत पडते. दोन वाऱ्या, मिळून सुमारे १,४४,००० किलोमीटर, नुसत्या प्रवासातच अर्धा सेकंद. मी हे बाबांना सांगितलं. ‘‘आवाज वाढव,’’ म्हणाले.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात चित्र दहा मिनिटं गेलं. ते जाणारच, त्या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर, पावसाचे थेंब तिला गिळतात. फोन करू नका, थांबा. सचिवांच्या छताला या वर्षी त्या कोपऱ्यातून पाणी आलं नाही. बाकीचे तीन गंजके पाइपही त्यांनी काढून घेतले.

माझ्या हमीपत्राच्या आता त्यांनी झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. छत्री लावायची म्हणणाऱ्याला तोच ‘सोसायटीचा फॉरमॅट’ म्हणून देतात. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने तो मला आणून दाखवला आणि हसू लागली. मोबाइलने माझा एक शब्द बदलला होता आणि दोन सह्या होऊनही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ‘पाइपाच्या बुडाशी गलती झाल्यास दुरुस्ती मी करीन.’