तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानातलं विंडोज का काढलं?

मॅटर टाइप करून घ्यायला आलेलं माणूस बाकावर बसतं, स्क्रीनकडे बघतं आणि थोड्या वेळाने विचारतं, "ताई, हे विंडोज नाही वाटतं?" हे लिनक्स, विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, असं मी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "का काढलं विंडोज? हे फुकट मिळतं म्हणून?" हातात काम असतं, मग मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते. पण खरं उत्तर सिंहस्थापासून सुरू होतं, म्हणून ते आज लिहूनच काढते.

2003 चा सिंहस्थ. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडून द्यायचं, दुकान टाकून मला दोन वर्षं झाली होती. पंचवटीतल्या एका तीर्थोपाध्याय गुरुजींनी सोळा पानांची पुस्तिका करायला दिली. स्नानाच्या तिथी, रामकुंडावरचे विधी, संकल्प, काही स्तोत्रं. संस्कृतातली जोडाक्षरं सांभाळत मी ती आठ दिवस कंपोज केली, तीन प्रुफं काढली. फाइल हार्डडिस्कवर ठेवली, सीडीवरही ठेवली.

2015 च्या सिंहस्थाला गुरुजी परत आले. तिथी बदलायच्या, बाकी मजकूर तोच. मी सीडी घातली, फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस, स्वल्पविराम यांचा नुसता खच. ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं होतं ते डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेलं छोटं यंत्र, लावल्याशिवाय चालत नसे, आणि ते डोंगल प्रिंटरच्या जुन्या मोठ्या पोर्टला लागायचं. नव्या मशीनला तो पोर्टच नव्हता. ती आवृत्ती कंपनीने केव्हाच बंद केलेली. जुनं मशीन भंगारात गेलेलं.

गुरुजी रागावले नाहीत. "म्हणजे पुन्हा सगळं टाइप करावं लागेल का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी चार रात्री जागून ते केलं. त्या रात्रींमध्ये मला सारख्या आठवत होत्या त्यांच्या घरातल्या वह्या. यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नामावळी त्यात आहेत. कोणाचे आजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, कोणाचं श्राद्ध केलं, आणि खाली त्या माणसाची स्वतःची सही. जुनी पानं मोडीत आहेत. मोडी वाचणारा भेटला की ती आजही वाचता येतात. माझी फाइल एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत, म्हणजे बारा वर्षंसुद्धा टिकली नव्हती.

असं का झालं, ते समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. आपल्याला 'क' दिसायचा, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतंच इंग्रजी चिन्ह असायचं. त्यात प्रत्येक कंपनीने चित्रं आपापल्या घरांत बसवलेली, त्यामुळे एका मराठी फॉन्टमधलं मॅटर दुसऱ्या मराठी फॉन्टमध्ये घेतलं तरी त्याचा चिवडा व्हायचा. युनिकोड या जगभर एकच असलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' म्हणजे 2325. नाशिकमध्ये तोच, हेलसिंकीमध्येही तोच.

जुन्या फाइली सोडवायला माझा भाचा मदतीला आला. त्याला वाटलं होतं, कोष्टक करू, ह्या चिन्हाच्या जागी ते अक्षर, झालं. पण पहिली वेलांटी आडवी आली. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप करायची, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, जशी उच्चारली जाते तशी. रफाराचं नेमकं उलट. 'मूर्ती'मधला र् कानाला आधी येतो, पण आम्ही रफार शेवटी मारत असू. प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार हलवावा लागला. मी कागदावर नियम लिहून द्यायचे, तो प्रोग्रॅम लिहायचा. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, दोन प्रबंध, वकिलांचे मसुदे, असं बरंच काही वाचवता आलं. सगळं नाही वाचवता आलं.

आता, युनिकोड विंडोजवरही चालतं. मग लिनक्स कशाला?

कारण माझं लक्ष अक्षरांवरून फाइलवर गेलं. 2019 मध्ये भाच्याने एका मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं आणि त्यातल्या लिबरऑफिस या मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली एक फाइल मला आतून उघडून दाखवली. लिबरऑफिसची ही ओडीटी फाइल खरं तर एक गाठोडं असते. त्याच्या नावामागे झिप लावून सोडलं की आत साध्या मजकुराच्या फाइली निघतात आणि त्यात आपलं मराठी जसंच्या तसं दिसतं. उद्या लिबरऑफिस नाही राहिलं तरी कोणीही प्रोग्रॅमर ते गाठोडं सोडू शकेल, कारण ते कसं बांधलंय हे जाहीर आहे. 2006 पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. ज्या बाईच्या सोळा पानांना कुलूप लागलं होतं, तिला हे बघून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

तेव्हा भाच्याने मला अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या प्रयोगशाळेतला प्रिंटर सारखा अडकायचा, दुरुस्तीसाठी त्यांना त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता हवी होती आणि ती नाकारली गेली. पुढे 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प, म्हणजे सगळ्यांना मोकळी असलेली संगणक प्रणाली बनवण्याचं काम, जाहीर केला. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि दोन्ही मिळून आज माझ्या दुकानात चालतं ते तयार झालं. वापरा, आत बघा, बदला, दुसऱ्याला द्या, अशी चारही मोकळीक परवान्यातच लिहिलेली आहे. दुसऱ्याला देण्याची मोकळीक मला फार मोलाची वाटते. माझ्या आधीच्या मशीनवर जे विंडोज होतं त्याचे पैसे कोणी भरले होते का, हे मी जोडणाऱ्याला कधी विचारलं नव्हतं. आज टायपिंग शिकायला येणाऱ्या मुलीला मी लिनक्सचा पेनड्राइव्ह देते तेव्हा मनात काही खुपत नाही.

बाकीची मशीन बदलायला निमित्त झालं 14 ऑक्टोबर 2025 चं. त्या दिवशी विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, संपला. माझी तीन मशीन दहा वर्षांची, विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत न बसणारी. पण धडधाकट होती. त्यांत एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवल्या आणि मिंट टाकलं. वेग वाढला, त्याचं बरंचसं श्रेय एसएसडीचं आहे.

त्रास झाला का? झाला. लेझर प्रिंटरने तीन संध्याकाळी खाल्ल्या. माझी बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या जुन्या कीबोर्ड मांडणीवर, बसलेली, ती इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या मांडणीवर आणायला दोन महिने गेले. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं ही मांडणी एकदा लक्षात आली की मात्र हात आपोआप वळतो. ऑफसेट छपाईवाल्याला कोरल या विंडोजवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरची फाइल लागायची, आता तो पीडीएफ घेतो. कोरलमधली जुनी डिझाइन लिनक्सवरच्या इंकस्केप या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण मांडणी हलते. म्हणून एक विंडोजचं मशीन मी कोपऱ्यात ठेवलं आहे, इंटरनेट न जोडता. तुमचं पोट टॅलीवर किंवा फोटोशॉपवर असेल तर मी तुम्हाला घाईने बदला असं म्हणणार नाही.

2027 च्या सिंहस्थाची पुस्तिका यंदाच हातात घेतली आहे. गुरुजी आता थकलेत, प्रूफ त्यांचा नातू वाचतो. त्याला मी छापील प्रत, पीडीएफ आणि ओडीटी अशी तिन्ही देणार आहे, आणि फाइल आतून कशी उघडायची ते बसून दाखवणार आहे.

तुम्हाला बघायचं असेल तर रविवारी सकाळी या, तेव्हा गर्दी नसते. 8 जीबीचा पेनड्राइव्ह आणा. त्यावरूनच लिनक्स चालवून बघता येतं, तुमच्या डिस्कला हात लावावा लागत नाही. आणि तुमचं जुनं मॅटर कोणत्या फॉन्टमध्ये आहे, त्या फॉन्टचं नाव चिठ्ठीवर लिहून आणा. त्याच्यासाठी आमच्याकडे कोष्टक आहे का ते आधी बघू.