वजाबाकीचे आश्वासन

२०१३ साली लंडनच्या विमानतळावर उतरल्यावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेपलीकडे एका बाईंनी मला थांबवले. त्या सरकारी सर्वेक्षण करीत होत्या. कोठून आलात, कशासाठी आलात आणि किती काळ राहणार, एवढेच त्यांना विचारायचे होते. हातात दोन वर्षांचे नोकरीचे पत्र होते, म्हणून ‘दोन वर्षे’ असे सांगून मी पुढे निघालो. त्या दोन वर्षांची आता बाराहून अधिक झाली. पण वर्षभर किंवा त्याहून जास्त राहण्याचा इरादा असलेला तो स्थलांतरित, या व्याख्येत मी त्या एका उत्तराने बसलो होतो. हे सर्वेक्षण १९६१ साली सुरू झाले ते परदेश प्रवासावर लोक किती खर्च करतात हे पाहण्यासाठी. ब्रिटनमध्ये किती लोक राहायला आले आणि किती गेले, याचा हिशेब मात्र २०२० पर्यंत प्रामुख्याने त्यावरच चालत असे. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजापेक्षा ४ लाख ६४ हजार माणसे जास्त निघाली, तेव्हा हा हिशेब किती ढोबळ होता ते दिसले.

अशा आकड्यावर हुजूर पक्षाचे तेव्हाचे नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी २०१० च्या निवडणुकीत वचन दिले, की निव्वळ स्थलांतर लाखाच्या आत आणू. निव्वळ स्थलांतर म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून उरलेली बाकी. गेलेल्यांवर सरकारचा हात चालत नाही, आणि युरोपीय संघातून येणाऱ्यांना तेव्हा रोखता येत नव्हते. पूर्वीच्या मजूर पक्षाच्या सरकारला हा धडा मिळालेला होता. २००४ साली पूर्व युरोपातील देशांना श्रमबाजार खुला करताना वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील असा अंदाज होता, आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट आले. तरीही थेरेसा मे यांनी सहा वर्षे गृहमंत्री म्हणून आणि नंतर पंतप्रधान म्हणून तेच वचन उराशी धरले. दोघांच्याही कारकिर्दीत ते एकदाही पुरे झाले नाही.

मला खरा दोष दिसतो तो त्यानंतरच्या काळात. ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, ‘युरोपमुळे आमचे हात बांधलेले आहेत’ ही सबब उरली नव्हती. कामाचा आणि शिक्षणाचा प्रत्येक व्हिसा गृहखात्याच्या मंजुरीने निघत होता. २०१९ च्या जाहीरनाम्यात बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाने एकूण संख्या कमी होईल असे लिहिले होते, आणि त्याच वर्षी त्यांच्याच पक्षाच्या सरकारने २०३० पर्यंत ६ लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ते २०२०-२१ मध्येच गाठले गेले. देशी विद्यार्थ्यांची फी २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठवल्यावर विद्यापीठांनी खर्चाचे तोंड परदेशी फीतून मिळवले, यात नवल नाही. वृद्धांच्या शुश्रूषेचे तेच झाले. पगार तुटपुंजे, स्थानिक परिषदांकडे पैसा नाही, इंग्लंडमध्ये २०२१-२२ साली १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या; मग फेब्रुवारी २०२२ मध्ये शुश्रूषा सेवकांसाठी व्हिसा खुला झाला. पगार वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडले. हाँगकाँग आणि युक्रेनमधून आलेल्यांची भर पडली ती वेगळी, आणि तिला कोणत्याही मोठ्या पक्षाचा विरोध नव्हता. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या पुढे गेले.

म्हणून ‘सरकारचे नियंत्रण सुटले’ हे वाक्य मला पटत नाही. एक खाते माणसे मागत होते, दुसरे व्हिसा देत होते आणि व्यासपीठावरचा नेता संख्या घटवण्याचे वचन देत होता. तिघेही एकाच मंत्रिमंडळातले. त्यात आकडेही स्थिर नव्हते: २०२२ या वर्षाची बाकी मे २०२३ मध्ये ६ लाख ६ हजार म्हणून छापली गेली आणि सहा महिन्यांत ती ७ लाख ४५ हजार झाली.

वादाचा सारा प्रकाशझोत मात्र फ्रान्सकडून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या लहान होड्यांवर राहिला. २०२२ मध्ये त्यांतून सुमारे ४५ हजार लोक आले. ही संख्या लहान नाही, पण एकूण आगमनाचा तो छोटा हिस्सा होता. अशा लोकांना आफ्रिकेतील रवांडा देशात धाडण्याच्या हुजूर सरकारच्या योजनेचा खर्च ७० कोटी पौंड झाल्याचे २०२४ मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या नव्या सरकारने सांगितले. तिच्याखाली चौघे गेले, तेही स्वेच्छेने.

मग २०२४ च्या सुरुवातीला ऋषी सुनक यांच्या सरकारने बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना आणि शुश्रूषा सेवकांना कुटुंब आणण्यास बंदी केली, कुशल नोकरीसाठीची पगाराची अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेली, आणि आकडा घसरू लागला. याचे राजकीय फळ सुनक यांच्या पदरात पडले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मजूर पक्षाचे नवे पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी मागील सरकारवर उघड्या सीमांचा प्रयोग केल्याचा आरोप केला आणि जुलै २०२५ पासून शुश्रूषा सेवकांची परदेशातून नवी भरतीच थांबवली. जून २०२५ पर्यंतच्या वर्षाची बाकी २ लाख ४ हजार अशी जाहीर झाली. तरी स्थलांतराविरुद्धच्या प्रचारातला आवाज जराही उतरला नाही.

या घसरणीत येणारे घटले तसे जाणारेही मोठ्या संख्येने आहेत, आणि जाणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी पुष्कळ आहेत. उद्या मीही सामान बांधले, तर तेव्हा सत्तेवर जो पक्ष असेल त्याच्या यशात एकाची भर पडेल, आणि किती काळ राहिलात हे विचारायला त्या बाई तेथे नसतील.