नीलवर सहा दिवस, भरती-ओहोटीच्या वेळेनं

अंदमानला जायचं ठरल्यावर टूरवाल्यानं जो कागद हातात दिला त्यात नील बेटाला मिळून चार तास होते. सकाळी बोटीतून उतरायचं, तीन बीच बघायचे, दुपारी पुढची बोट. मी म्हटलं मला नीललाच पाच रात्री राहायचंय, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. तो म्हणाला, "ताई, तिथं पाच दिवस करणार काय?" मग माझं मीच बुकिंग केलं.

आईचा प्रश्न वेगळाच. "एकटी जाणार, आणि ते पण चारी बाजूनं पाणी?" तिचं पण बरोबर आहे. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत राहतो, २०१९ ला घरात पाणी आलं, सगळं धुऊन-पुसून बसतोय तोवर २०२१ ला परत आलं. पावसाळ्यात आमच्याकडं चहाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे गल्लीतल्या पोरांना पण पाढ्यासारखं पाठ आहे. पाणी चढतंय म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि त्याच पाण्याच्या मधोमध जाऊन आराम करायचा हे तिला काही केल्या पटेना.

दत्त जयंतीला सकाळी नृसिंहवाडीला दर्शन घेतलं, रात्री बंगळूरची बस, तिथनं विमान, श्रीविजयपुरमला म्हणजे आधीच्या पोर्ट ब्लेअरला एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी बोटीनं नील. २०१८ पासून बेटाचं सरकारी नाव शहीद द्वीप आहे, पण बोलताना सगळे नीलच म्हणतात. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर, आणि राहणारी माणसं बहुतेक बंगाली, त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातनं आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी देऊन वसवलं होतं.

मी राहिले ते घर अशाच एका कुटुंबाचं. घरच्या बाईंना सगळे माशी म्हणत होते, म्हणजे आपली मावशीच, पण माझ्या तोंडातनं माशी निघेना म्हणून मी सरळ मावशी म्हणायला लागले आणि त्यांना ते लगेच कळलं. पहिल्या संध्याकाळी मी विचारलं उद्या काय काय बघू, तर त्या म्हणाल्या, "पहले भाटा का टाइम देखो." भाटा म्हणजे ओहोटी. सकाळी साडेसहाला आहे म्हणाल्या, तेव्हा दगडी पुलाकडं जा, गर्दीच्या आधी.

पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाण, पौर्णिमा-अमावास्येची ती मोठी भरती-ओहोटी, अजून पूर्ण उतरलं नव्हतं. लक्ष्मणपूरच्या त्या नैसर्गिक पुलापाशी मी पोचले तेव्हा समुद्र लांबवर मागं गेलेला आणि मधे सगळा खडकाळ तळ उघडा. खड्ड्याखड्ड्यांत पाणी साठलेलं, प्रत्येक खड्ड्यात वेगळाच संसार. समुद्रकाकड्या, काळे काटेवाले गोळे, पाठीवर शंख घेऊन फिरणारे खेकडे, आणि एका भेगेत निळ्याजांभळ्या ओठांचा मोठा शिंपला, माझी सावली पडली की मिटायचा आणि बाजूला झाले की हळूच उघडायचा. दोन तास मी एवढंच बघितलं. उचलायचं काही नाही, शिंपले आणि प्रवाळ नेणं कायद्यानं बंद आहे आणि ते असायलाच पाहिजे, एकेकानं एकेक जरी नेला तरी काय उरणार तिथं? रबरी चपला मात्र घालून जा, खडक लई धारदार आहेत.

मग पाणी परत यायला लागलं. आवाज नाही काही नाही, आधी एका भेगेतनं, मग दुसऱ्या, आणि माझी पावलं आपोआप मागं वळली. छातीत धडधडत होतं, खरं सांगते, जुलै-ऑगस्टमधली गल्ली आठवली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मासे पकडत बसलेले, ते उठले, जाळं गोळा केलं आणि चार पावलं वर येऊन परत बसले. बास, एवढंच. पाणी येणार, सहा तासांनी जाणार, हे त्यांना माहितीच होतं.

तिथनं पुढं माझे दिवस तसेच गेले. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तेवढीच ओहोटी पण पुढं सरकते, म्हणून मी पण रोज उशिरा निघायचे. ओहोटीला खडकांवर, भरतीला भरतपूरला पोहायला, कारण पाणी कमी असताना तिथं पाय प्रवाळावर पडतो. मधल्या वेळात सायकल, शहाळं, झोप, आणि मावशींची मोहरी वाटून केलेली मासळी. माझ्याकडची कांदा-लसूण चटणी त्यांनी कोळंबीत घातली, कसलं भारी झालं होतं ते. भाजी त्यांच्या शेतातलीच, नीलची भाजी बोटीनं पोर्ट ब्लेअरच्या बाजारात पण जाते.

पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि साडेपाचला अंधार. कोल्हापूर ७४ रेखांशावर, नील ९३ वर, अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाचा फरक, घड्याळ मात्र एकच. नेटवर्क मिळालं की मी अंधारातनं आईला फोन करायचे आणि ती रंकाळ्यावर उन्हात फिरत असायची. रोज पहिला प्रश्न, "पाणी कुठवर आलंय?" मी सांगायचे, आज इथवर आलं, गेलं पण. तिसऱ्या दिवसापासनं तीच विचारायला लागली, "उद्या किती वाजता उतरणार?"

शेवटच्या दिवशी अष्टमी. मावशी म्हणाल्या आज बघण्यासारखं काही नाही, आणि खरंच, समुद्र जागचा जेमतेम हलला. कोकणात याला भांग म्हणतात. उधाणाला जिथं सहा-सात फुटांचा फरक असतो तिथं आज त्याच्या निम्मापण नाही. ज्या खडकावर मी पहिल्या सकाळी बसले होते तो दिसलाच नाही. बोटीला वेळ होता म्हणून मी तिथंच उभी राहिले.

आता फेब्रुवारीतली पौर्णिमा बघून ठेवलीये. आई पण येते म्हणते. तिला रबरी चपला घ्यायच्यात.