टाटा इस्टेट आणली, आता खरं काम सुरू

घेतली एकदाची. 1994 ची टाटा इस्टेट, एमएच-09 पासिंग, गडहिंग्लजजवळच्या एका रिटायर्ड इंजिनीअर काकांकडून. फ्लॅटबेडवर घालून संकेश्वरमार्गे बेळगावला आणली आणि आता उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडच्या मागच्या बाजूला स्टँडवर चढवून ठेवलीय, चाकं काढलीत, सीट काढल्यात, आणि रोज मशीन बंद केल्यावर मी आणि मिस्त्री तिच्याभोवती फिरत बसतो. इतकी वर्षं ही गाडी पाहिजे पाहिजे म्हणून डोक्यात होती की आता समोर असूनसुद्धा मधेच जाऊन हात लावून बघावं वाटतं.

ज्यांना इस्टेट माहीतच नाही (आताच्या पोरांना खरंच माहीत नाही) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेल्को म्हणजे आताची टाटा मोटर्स. 1988 ला त्यांनी टाटामोबाईल पिकअप काढला, त्याच घराण्यातून 1991 ला सिएरा आली आणि 1992 ला ही इस्टेट. आपल्याकडे स्टेशन वॅगन म्हटलं की ॲम्बेसेडरची नाहीतर पद्मिनीची मागून लांब केलेली गाडी, आणि ती दिसायची ते बहुतेक हॉस्पिटलच्या दारात, त्यामुळे लोकांच्या डोक्यात वॅगन म्हणजे ॲम्ब्युलन्स हेच बसलेलं. इस्टेट तशी नव्हती. लांब, रुंद, पाच दारं, पॉवर विंडो, आणि सगळी पुण्यात बनलेली. चालली नाही फार, लोकांना डिकी वेगळी असलेली गाडी पाहिजे होती किंवा मग सरळ सुमोसारखी दहा माणसं बसणारी, पण गाडी म्हणून ती काळाच्या पुढे होती असं माझं ठाम मत आहे. आज लोक एसयूव्हीत मागची सीट पाडून सामान भरतात आणि खूश होतात, ते काम इस्टेटनं तीस वर्षांपूर्वी केलंय, आणि तेही सामान कंबरेपर्यंत उचलायला न लावता.

मला ती पहिल्यांदा दिसली निपाणीत. मामाच्या घराजवळ तंबाखूचे एक व्यापारी राहायचे, त्यांच्याकडे गडद निळी इस्टेट होती. रविवारी मागचं दार वर उघडून त्यात गाद्या टाकायचे आणि पोरंबाळं, म्हातारी, डबे सगळं घेऊन आदमापूरला नाहीतर जोतिबाला निघायचे. तेव्हा आम्ही सुट्टीला जायचो ते वडापच्या (सीटवर पैसे घेणाऱ्या) सुमोत एकमेकांच्या मांडीवर बसून, तवंदी घाटात पोटात ढवळायचं. गंमत म्हणजे इंजिन दोन्हीत एकच. हे मला फार उशिरा कळलं, मी लेथवर बसायला लागल्यावर. 483 डीएल, म्हणजे 4 सिलिंडर आणि 83 एमएम बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90, हिशोब केला की 1948 सीसी होतं. 1994 ला आलेल्या सुमोतही हेच, 1998 च्या पहिल्या सफारीतही हेच, फक्त तिथं टर्बो लावून.

आणि म्हणूनच लोक "पार्ट कुठं मिळणार तुला" म्हणतात तेव्हा मी ऐकून घेतो आणि सोडून देतो. इंजिनचं काही अडत नाही. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट, सुमोमुळं सगळं मिळतं, आणि सुमो न उघडलेला मिस्त्री आपल्या भागात मला अजून भेटायचाय. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) तर आपल्याकडे पाटेवाले उघडून, बाक देऊन, पाहिजे तर एक पाटा नवा घालून देतात. अडतं ते इस्टेटला म्हणून जे वेगळं होतं तिथं. मागचं दार, मागच्या बाजूच्या लांब काचा, टेललॅम्प, काचेभोवतीचं रबर, बीडिंगच्या पट्ट्या. या वस्तू दुसऱ्या कुठल्याच गाडीला नव्हत्या, त्यामुळं दुसऱ्या गाडीवरून काढून लावायचा रस्ताच नाही.

काचेचं तर नीट समजून घ्या कोणी असं काम काढणार असाल तर. पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये पातळ थर, ती कापून बसवता येते. बाजूच्या काचा टफन्ड, त्या एकदा भट्टीतून निघाल्या की कापता येत नाहीत, कडेला ग्राइंडर लागला तरी सगळी काच चुरा होऊन खाली येते. नवी करायची तर आधी मापाला कापायची, वाकवायची आणि मग टफन करायची, आणि वाकवायला साचा लागतो. एका काचेसाठी साचा म्हणजे परवडायचं नाव नको. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी इंजिनला हात लावला नाही, आधी रबर ब्लेडनं कापून मागच्या दोन्ही काचा काढल्या, गोधडीत गुंडाळल्या आणि ऑफिसच्या कपाटामागं उभ्या ठेवल्या. रबर गेलं तर परत बनवता येतं, काच गेली तर संपलं.

आता गाडीची खरी हालत. वरून बघायला बरी होती. कार्पेट उचललं आणि खाली जमीन दिसली. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा सडलेला, दोन्ही सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या) आतून पोकळ, स्पेअर व्हीलच्या खाली हात घातला तर पत्रा बोटानं तुटतोय. आपल्या भागाचा पाऊसच तसा, गडहिंग्लज काय, खानापूर काय, आंबोलीकडून चढून आलेला ढग चार महिने हलत नाही. दाराच्या खालच्या बाजूला पाणी बाहेर जायला भोकं असतात, ती लाल मातीनं बुजतात, पाणी आत साठतं आणि पत्रा आतून बाहेर खात येतं. बाहेर रंगाला फोड आला म्हणजे आतलं काम कधीच झालेलं असतं. मधे कोणीतरी सिलवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला होता, हातोडीच्या मागच्या टोकानं ठोकलं की आवाजावरून लगेच कळतं, पत्र्याचा टण आणि लांबीचा थप. चासी, म्हणजे खालची फ्रेम, मात्र ठणठणीत. पूर्ण लांबीभर ठोकत गेलो, एका क्रॉस मेंबरच्या कडेला वरवरचा गंज, बाकी काही नाही. तिथंच मला वाटलं की गाडी वाचली.

फ्लोअर आणि सिल कापायच्या आधी आम्ही दाराच्या चौकटीत आडवे पाईप वेल्ड करून घेतलेत. हे बरेच लोक करत नाहीत. सिल काढली की बॉडीचा खालचा आधार जातो, बॉडी मधे बसते, आणि नवी सिल मारल्यावर मग दारंच लागत नाहीत. नवा पत्रा 18 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड), आणि सगळं सीओटू वेल्डिंग, गॅसच्या ज्वाळेचं नाही, कारण ज्वाळेची आच पसरते आणि पातळ पत्रा लाटांसारखा होतो. सीओटूनंसुद्धा सलग ओढत न्यायचं नाही, एक टाका इथं, एक टाका हातभर लांब, थंड होऊ द्यायचं, परत मधला टाका. वेळ लागतो. लागू दे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. मागच्या दाराच्या दोन बिजागऱ्यांतली एक तुटलेली होती, कोणीतरी आधी वेल्ड मारून चालवलेली, परत तिथंच तडा. जुनी मिळेल का म्हणून कोल्हापूर, पुणे, हुबळी सगळीकडं फोन लावले. नाही मिळाली. मग एका संध्याकाळी तुटका तुकडा खिशात घातला आणि आमच्या शेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक पॅटर्न (ओतकामासाठी लाकडी नमुना) बनवणारे आहेत, वय झालंय पण हात अजून तसाच, त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "हे शोधाला कशाला फिरालाइस रे? करूया की." एवढंच.

ज्यांना ओतकाम माहीत नाही त्यांना वाटतं जुना तुकडा वाळूत दाबला की झाला साचा. तसं होत नाही. बीड (कास्ट आयर्न) थंड होताना साधारण 1 टक्का आखडतं, म्हणजे तुकड्यावरूनच साचा घेतला तर येणारा तुकडा बारका येतो, आणि बिजागरीत अर्धा मिलिमीटरनंसुद्धा दार वाकडं बसतं. म्हणून लाकडी पॅटर्न मोठा करायचा, जिथं मशीनिंग होणार तिथं आणखी माल ठेवायचा, आणि वाळूतून पॅटर्न न मोडता बाहेर यावा म्हणून बाजूंना किंचित उतार. त्यांनी हे सगळं पेन्सिलनं एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढलं. माल कुठला यावर बोलणं झालं, साधं बीड नको, दार आपटून बंद होणार, तडकेल. एसजी आयर्न घ्यायचं ठरलं, त्यात मॅग्नेशियममुळं ग्राफाइटच्या पापुद्र्याऐवजी गोळ्या होतात, त्यामुळं माल मार खातो पण फुटत नाही. ओळखीच्या फाउंड्रीत दुसऱ्या कुणाच्या एसजीच्या हीटमध्ये (वितळवलेल्या घाण्यात) आमचे चार तुकडे ओतून घेतले, भोकं आणि सपाट बाजू मी स्वतः आमच्या मशीनवर मारले. पहिला तुकडा दाराला लावून पिन घातली, आणि दार वर जाऊन थांबलं ते बरोबर जागेवर.

मला हेच म्हणायचंय. आपण या गावात राहतो जिथं पंपाचे, व्हॉल्वचे, ट्रॅक्टरचे पार्ट रात्रंदिवस ओतले जातात, मच्छेला शेड, उद्यमबागेत शेड, तिकडं हत्तरगीच्या एसईझेडमध्ये तर विमानांचे पार्ट बनतात, आणि आपणच म्हणायचं की जुन्या गाडीचा पार्ट मिळत नाही म्हणून ती गुजरीत (भंगारात) घाला? पुण्यामुंबईत रिस्टोरेशन करणाऱ्यांकडं पैसा आहे, मोठी गॅरेजेस आहेत, पण तुकडा खिशात घालून चालत जाऊन पॅटर्नवाल्याच्या टेबलावर ठेवता येईल अशी सोय किती जणांकडं असेल. इथं मराठी बोलणारा टर्नर, कन्नड बोलणारा मोल्डर, उर्दू बोलणारा पेंटर एकाच चहाच्या गाड्यावर उभे असतात, आणि तिथंच निम्मं काम ठरतं. टिंकरला (पत्रा ठोकणाऱ्याला) मी विचारलं चाकाच्या वरची गोलाई हातानं ठोकून होईल का, तर चहाचा घोट घेत "आगतैत्रि सर" (होतंय सर) म्हणाला आणि खरंच शॉट बॅगवर (छर्रे भरलेल्या पिशवीवर) ठोकून आणून दिली, मूळ बाजूच्या गोलाईला लावून बघितली तर फट नाही.

आता कस्टमचं. मला शोरूममधली गाडी परत नकोय, मला वापरायची इस्टेट पाहिजे. पण कापाकापीही नको. मिस्त्री पहिल्या दिवसापासून मागं लागलेत, "सफारीचं टर्बो इंजिन गुजरीत पडलंय ओ, मी बघून ठेवलोय, बसवूया की." मोह होतो, खोटं कशाला बोलू, पण नाही म्हणून सांगितलंय. एक तर कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सुप्रीम कोर्टानं 2019 ला स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही, आणि इंजिन बदलायचं तर परवानगी, आरसीवर नोंद हे सगळं आलं. दुसरं म्हणजे या गाडीचा स्वभाव. ती पळायची गाडी नाही, ती भरून घेऊन जायची गाडी आहे. गोव्याहून चोर्ल्यातून परत येताना तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चढणारी गाडी पाहिजे मला. इंजिन तेच, बोअर मापून बघितलाय, ओव्हरसाइज पिस्टन लागणार, डिझेलचा पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला दिलेत.

बदलणार ते आतलं. फ्लोअरवर आवाज दाबणारी शीट, हेडलाइटला रिले म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जायचा थांबेल, मागच्या सीटला तीन पॉइंटचे बेल्ट (त्यासाठी पत्र्याच्या मागून जाड प्लेट वेल्ड करणार, नुसता पत्र्यात बोल्ट मारून काही उपयोग नाही). मागच्या जागेत सागवानी पट्ट्यांचा फ्लोअर, खाली टूल आणि जॅकचा कप्पा. आणि छताच्या आतल्या कापडाची कल्पना बायकोची. मी रेक्झिन बघत होतो तर ती म्हणाली, "अहो, हुदलीची खादी लावा की, आपल्या जिल्ह्याचं कापड आहे." 1937 ला गांधीजी येऊन राहिले होते ते हुदली, तिथं अजून खादीचं काम चालतं. कुशनवाल्याला विचारलं तर म्हणाला मागून पातळ फोम चिकटवला आणि उन्हात न सुटणारा गम वापरला तर बसेल. कापड आणून ठेवलंय, फिकट बदामी रंगाचं.

रंग बाहेरून गडद निळाच. मूळ पांढरी आहे, त्यामुळं रंगाचीही नोंद आरसीवर करून घ्यावी लागणार. कागदांचं म्हणाल तर ते वेगळंच काम आहे, कोल्हापूरहून एनओसी, मग इथं केए-22 ला नवं रजिस्ट्रेशन, टॅक्स, ग्रीन टॅक्स, फिटनेस. पंधरा वर्षांवरच्या कारची आरसी रिन्यू करायची फी 2022 ला 600 वरून 5000 झाली होती, आणि विंटेजची सवलत मिळते ती 50 वर्षांवरच्या गाड्यांना, म्हणजे आमची अजून त्यात बसत नाही. एनओसी हातात आलीय, बाकीचं गाडी उभी राहिल्यावर.

पुढच्या आठवड्यात चासी सँडब्लास्टिंगला जाईल, परत आली की त्याच दिवशी झिंक प्रायमर मारायचा, रात्रभर उघडी ठेवायची नाही, आपल्या हवेत सकाळपर्यंत पिवळी पडते. मग फ्लोअर. पावसाआधी बॉडीच्या आत मेण मारून बंद करायचीय. आणि अजून एक, डाव्या बाजूचा टेललॅम्प तडकलेला आहे, तो काही फाउंड्रीत ओतून मिळणार नाही. चिकोडी, गोकाक, निपाणी, कागल भागात कुणाच्या गोठ्याच्या मागं इस्टेट पडलेली दिसली तर मला सांगा, टेललॅम्प सोडून काही काढणार नाही, आणि ती गाडीही उभी करायचं कुणाच्या मनात असेल तर बिजागरीचे दोन तुकडे जास्तीचे ओतून ठेवलेत.